सी दोनदा का वाजला? शोपाँच्या एका बारमधला तुटलेला टाय

पुण्याच्या कॅम्पात एक बाई पियानो शिकवतात. मूळच्या गोव्याच्या. त्यांचे वडील चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे नोटा बघून स्वरांच्या नावांनी गायला, शिकलेले, आणि बाईंना मराठी अक्षरांच्या आधी नोटेशन वाचता यायला लागलं असं त्या स्वतःच हसून सांगतात. शिकवायला लागणारे छोटे उतारे मी त्यांना संगणकावर मांडून देतो. मोठ्या आकारात, मधे भरपूर जागा सोडून, म्हणजे पेन्सिलनं लिहायला वाव राहतो.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी शोपाँच्या पहिल्या बॅलाड या पियानोरचनेतले चार बार, म्हणजे तालाचे चार खंड, मागितले. जी मायनर, ओपस 23, बार 6 ते 9. संथ प्रस्तावना संपते आणि मॉडेराटोमध्ये मुख्य स्वरवाक्य सुरू होतं तो सांधा. मी एका संध्याकाळी ते मांडलं, प्रिंट काढून पोचवलं आणि विसरून गेलो. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अरे, पोर सी दोनदा वाजवतंय."

"सांगा त्याला, धरून ठेव म्हणून."

"मी कशाला सांगू? तुझा कागद सांगतोय ना त्याला दोनदा वाजव म्हणून. तो लिहिलंय तेच वाजवतो. चांगला वाचतो तो."

मी फाइल उघडली. बाईंचं खरं होतं. बार 8 मध्ये मधला सी एकदा क्वेव्हर, म्हणजे आखूड नोट, म्हणून छापला होता आणि लगेच पुढं त्याच्या चौपट लांब मिनिम म्हणून, डीच्या शेजारी. दोघांमध्ये कमान नव्हती. कमान नाही म्हणजे दुसरा सी पुन्हा वाजवायचा. मुलानं तेच केलं होतं.

गंमत अशी की कमान मी फाइलीत लिहिलेली होती.

त्या बारमध्ये नेमकं काय आहे

पुढचं सगळं या एका बारवर उभं आहे, म्हणून तो नीट पाहू. बार 8 ला ताल बदलून सहा-चार होतो, म्हणजे बारमध्ये बारा क्वेव्हर. पहिले सहा क्वेव्हर बी फ्लॅटचे आहेत. हा बी फ्लॅट बार 7 मधूनच टायनं, म्हणजे दोन नोटांचा एक स्वर करणाऱ्या कमानीनं, बांधून आलेला. सातवा क्वेव्हर रेस्ट, म्हणजे शांतता. मग उजव्या हातात एकामागून एक पाच क्वेव्हर: सी, डी, एफ शार्प, बी फ्लॅट, ए. नवव्या बारात जी, डॉटेड मिनिम, म्हणजे टिंब लावून दीडपट केलेला.

एवढंच असतं तर एका हातानं वाजवायची ही साधी सुरावट झाली असती. पण शोपाँला पहिले तीन स्वर सोडायचे नाहीत. सी वाजला की बोट तिथंच, डी वाजला की तेही तिथंच, एफ शार्पचंही तसंच. बार संपेपर्यंत तिघेही दाबलेले, आणि त्यांच्यावरून बी फ्लॅट आणि ए जातात. पेटी वाजवणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. एका बोटानं सा धरून उरलेल्या बोटांनी सुरावट फिरवणं आपल्याकडचं शाळकरी पोरही करतं.

आता हिशोब करा. सी आठव्या क्वेव्हरला सुरू होतो आणि बाराव्याच्या शेवटपर्यंत टिकतो, म्हणजे पाच क्वेव्हर. डी चार क्वेव्हर, एफ शार्प तीन. चार क्वेव्हरांना मिनिम आहे. तिनाला डॉटेड क्रॉचेट आहे. पाचाला एकच असं चिन्ह पाश्चात्त्य नोटेशनमध्ये नाही. म्हणून सी लिहायचा तर एक क्वेव्हर अधिक एक मिनिम, आणि मधे टाय. डी आणि एफ शार्पला टाय नाही, कारण त्यांची लांबी सुदैवानं एका चिन्हात बसते. त्यांचं पोकळ किंवा टिंबवालं डोकं सुरावटीच्या क्वेव्हरच्या डोक्यावर चपखल बसतं, आणि एकाच डोक्याला दोन अर्थ येतात: सुरावटीत एक क्वेव्हर, धरलेल्या बोटात मिनिम.

म्हणजे तिन्ही स्वरांना सांगणं एकच आहे, धरून ठेव. सीला ते कमानीनं सांगावं लागतं एवढंच. हे मला फार उशिरा उमगलं, आणि उमगेपर्यंत मी दोन संध्याकाळी कमान दुरुस्त करत बसलो होतो.

आपल्याकडच्या वाचकासाठी जरा आडवाटेनं जातो. भातखंडे पद्धतीत स्वर लांबवायला पुढं आडवी रेघ असते. एका मात्रेतले स्वर खालच्या कमानीनं बांधतात, आणि मींड वरच्या कमानीनं दाखवतात. तीन कामं, तीन खुणा. पाश्चात्त्य स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या पट्ट्यावर, आडव्या रेघेचं आणि मींडेच्या कमानीचं काम जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या कमानींवर पडलं आहे. टाय एकाच पट्टीचे दोन नोट जोडून त्यांचा एक लांब स्वर करतो. स्लर वेगवेगळ्या नोटांवरून जातो आणि त्या जोडून, सलग वाजवायला सांगतो. कागदावर नवख्याला फरक कळत नाही. संगणकाला मात्र ही दोन संपूर्ण वेगळी जनावरं आहेत.

कमान कुठं गेली

मी लिलीपाँड वापरतो. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच मंडळींनी 1996 मध्ये सुरू केलेली ही मुक्त प्रणाली. यात माउसनं नोट ओढायच्या नसतात, सगळं अक्षरांत लिहायचं आणि प्रणाली त्यावरून पान रचते. कर्ते डच, म्हणून नोटांची मूळ नावंही डच धर्तीची: एफ शार्पला 'फिस', बी फ्लॅटला 'बेस'. बाईंना हे ऐकवलं तेव्हा त्यांना 'फिस' म्हणजे शिकवणीची फी वाटली. टायला लहरी रेघ ~ लिहायची, स्लरला साधा कंस ( आणि ), आणि लांब वाक्याच्या स्लरला त्याच कंसाआधी उलटी तिरकी रेघ. आज्ञांची नावं पुढं मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. फाइलीत ती रोमन अक्षरांत जातात.

एका स्टाफवर एकाच वेळी वेगवेगळ्या लांबीच्या नोटा लिहायच्या तर त्या वेगवेगळ्या 'व्हॉइस'मध्ये टाकाव्या लागतात. मी याला पदर म्हणतो, कारण वेणीच्या पदरांसारखेच ते एकमेकांत गुंफलेले असतात आणि प्रत्येकाचं टोक वेगळं असतं. माझ्या पहिल्या फाइलीत चार पदर होते: पहिल्यात पाच क्वेव्हरची सुरावट, दुसऱ्यात सीचा मिनिम, तिसऱ्यात डीचा मिनिम, चौथ्यात एफ शार्पचा डॉटेड क्रॉचेट. पदर वेगळे करायला मी सगळे करतात तशी दुहेरी तिरकी रेघ \\ वापरली होती. आणि पहिल्या पदरातल्या सीच्या क्वेव्हरनंतर ~ टाकून निवांत झालो होतो. पुढं सी आहेच की, बांधून घेईल.

नाही बांधला. लिलीपाँडमध्ये प्रत्येक चिन्ह काढायला एक वेगळा कारागीर असतो, त्याला ते 'एन्ग्रेव्हर' म्हणतात. कोणता कारागीर कुठल्या पातळीवर बसतो हे ठरलेलं आहे. कोणी अख्ख्या स्टाफवर बसतो, कोणी एकेका पदरात. टाय काढणारा पदरात बसतो. त्याला लहरी रेघ दिसली की तो आपल्याच पदरातल्या पुढच्या नोटकडं बघतो, त्याच पट्टीची असली तर कमान काढतो. सुरावटीच्या पदरात सीनंतर डी होता. सीचा मिनिम शेजारच्या पदरात, एक मिलिमीटरवर, पण भिंतीपलीकडं. कारागिरानं वाट पाहिली आणि कमान टाकून दिली. लॉगमध्ये, म्हणजे प्रणाली काम करताना लिहिते त्या नोंदींत, ओळ क्रमांकासकट सूचनाही होती: 'अनटर्मिनेटेड टाय', अर्धवट राहिलेला टाय. ती मी वाचलीच नव्हती. सूचना फार येतात, आणि पीडीएफ तयार झाली की लॉग कोण वाचतो!

त्याच लॉगमध्ये स्लरबद्दलही तक्रार होती. बाईंनी पेन्सिलनं सीपासून नवव्या बारातल्या जीपर्यंत एक लांब कमान काढून दिली होती, 'एका श्वासात' असं शेजारी लिहून. तीही छापली गेली नव्हती. स्लरचा कारागीरही पदरातच बसतो. दुहेरी तिरकी रेघ वापरली की लिलीपाँड आतल्या प्रत्येक तुकड्यासाठी नवा पदर उघडतं, अगदी पहिल्यासाठीसुद्धा. म्हणजे बार 8 ची सुरावट एका नव्या पदरात सुरू होऊन तिथंच संपली, आणि बार 9 चा जी जुन्या मूळ पदरात राहिला. कमानीची एक बाजू एका घरात, दुसरी दुसऱ्या घरात. लिलीपाँडवर नव्यानं आलेल्या माणसाच्या तुटलेल्या स्लरमागं बहुतेक वेळा हीच दुहेरी तिरकी रेघ असते, असं माझं मत आहे.

हा त्रास जुन्या कोरणाऱ्याला नव्हता. 1836 मध्ये हे बॅलाड छापलं गेलं तेव्हा धातूच्या पत्र्यावर कमानी हातानं कोरत. कोरणाऱ्यानं एका डोक्यापासून दुसऱ्या डोक्यापर्यंत हत्यार फिरवलं की टाय झाला. ती कमान कोणाची, हे त्याला कोणी विचारलं नाही.

तीन वाटा, ज्या मी सोडल्या

घाई होती, म्हणून आधी लबाडी केली. लिलीपाँडमध्ये अर्धवट टाय काढायची आज्ञा आहे, 'लेसे-व्हिब्रे' म्हणजे घुमू दे. सीच्या क्वेव्हरला ती लावली. डोक्यापासून एक छोटी कमान निघून हवेत संपते, आणि मिनिम शेजारीच असल्यानं ती त्याला जाऊन भिडल्यासारखी दिसते. दिसायला झकास. मग बाईंनी तोच उतारा पडद्यावर दाखवायला आडव्या पानावर मागितला. पान रुंद झालं, नोटा पसरल्या, कमान तेवढीच राहिली. नखाचा तुकडा पडावा तशी ती सी आणि मिनिमच्या मधे लोंबत होती.

दुसरी वाट जरा विद्वान आहे. टायचा कारागीर पदरातून काढून स्टाफच्या पातळीवर बसवायचा. दोन ओळींचं काम: पदरातून 'रिमूव्ह', स्टाफमध्ये 'कन्सिस्ट्स'. आता त्याला स्टाफवरचे सगळे पदर दिसतात, आणि भिंतीपलीकडचा सीही सापडतो. कमान आली. पण पदर वरचा की खालचा यावरून कमानीची दिशा ठरवणारे नियम पदराच्या पातळीवर असतात. कारागीर वर गेल्यावर दिशा मला हातानं सांगावी लागली. तेही चाललं असतं. मला खटकलं ते वेगळंच. हे बॅलाड 264 बारांचं आहे, आणि उद्या बाईंनी आणखी दहा पानं मागितली तर त्या स्टाफवरची प्रत्येक लहरी रेघ आता शेजारच्या पदरातही डोकावणार. एका सीसाठी अख्ख्या चाळीच्या भिंती पाडल्यासारखं ते झालं. ज्या रचनेत आवाज सतत एकमेकांत शिरतात तिथं ही वाट शहाणपणाची असेल. इथं नव्हती.

तिसरी आशा 'टाय-वेट-फॉर-नोट' या सेटिंगची. ते चालू केलं की टायचा कारागीर लगेच पुढची नोट नसली तरी थांबून राहतो. एकेक करून वाजणारे आर्पेजिओचे स्वर शेवटी एका कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांत, जमतात, तिथं हे फार उपयोगी. पण थांबतो तोही आपल्याच पदरात. भिंत तशीच.

सी कोणाचा

इथं मी फाइल बंद केली आणि कागदावर बार काढून बसलो. मग तो पाच क्वेव्हरचा हिशोब सुचला. इतका वेळ मी विचारत होतो, पहिल्या पदरातला सी दुसऱ्या पदरातल्या सीला कसा बांधू? प्रश्नच चुकीचा होता. टाय दोन पदरांत कधी नसतोच. टायनं बांधलेल्या दोन नोटा म्हणजे एकच स्वर, आणि तो एकाच बोटाचा. पाच क्वेव्हर धरलेला सी अख्खा दुसऱ्या पदराचा आहे. त्याचा पहिला क्वेव्हर सुरावटीच्या सीशी जागा वाटून घेतो, एवढाच संबंध.

मग लिहायचं ते सोपं झालं. दुसऱ्या पदरात सीचा क्वेव्हर पुन्हा लिहायचा, त्याला ~, आणि मग मिनिम. दोन्ही सी आता एका पदरात आहेत, कमान आपोआप येते. सुरावटीतला सी आणि दुसऱ्या पदरातला सी यांची डोकी सारखी, जागा सारखी, दांड्या विरुद्ध दिशांना. लिलीपाँड अशी डोकी न सांगता एकावर एक बसवतं. कागदावर डोकं एकच दिसतं, त्याला वर एक दांडी बीमकडं, म्हणजे क्वेव्हर जोडणाऱ्या जाड रेघेकडं, जाणारी, खाली एक दांडी आपल्या स्वतंत्र शेपटीची. मला ते आवडलं. इथून दोन पदर फुटतात हे ती खालची दांडी उघड सांगते.

हीच युक्ती लिलीपाँडच्या शिकाऊ पुस्तिकेत, याच बॅलाडच्या याच बारवर दाखवलेली आहे. मी ती वर्षांपूर्वी वाचली होती आणि 'कधीतरी लागेल' म्हणून विसरलो होतो.

त्याच झपाट्यात दुहेरी तिरकी रेघ काढून टाकली. सुरावट साध्या महिरपी कंसात ठेवली, म्हणजे ती मूळ पदरातच चालू राहते. बाकीच्या तिघांना 'न्यू व्हॉइस' लिहून स्वतंत्र पदर दिले. बार 9 चा जी आता सुरावटीच्याच पदरात आला, आणि बाईंची एका श्वासाची कमान एकही अक्षर न बदलता उमटली.

पण पान अजून बिघडलेलंच होतं. टाय आला आणि डीवर गर्दी झाली. नवव्या क्वेव्हरला तीन डोकी एकत्र येतात: सुरावटीचा डी, धरलेला डीचा मिनिम आणि सीचा मिनिम. पोकळ आणि भरीव डोकी एकावर एक बसवायला 'मर्ज-डिफरंटली-हेडेड' चालू करावं लागतं, टिंबवाल्यासाठी 'मर्ज-डिफरंटली-डॉटेड'. दोन्ही केलं. एफ शार्प लगेच नीट बसला. डी नाही. एकाच उभ्या रकान्यात तीन नोटा असतील तर हे विलीनीकरण फसतं आणि लॉगमध्ये खूप जास्त रकाने आदळताहेत अशा अर्थाची ओळ येते. म्हणून सीचा मिनिम त्या रकान्यातून बाहेर काढावा लागला, 'शिफ्ट-ऑन-एन' लावून. मग तो नेमका किती उजवीकडं जायचा ते 'फोर्स-एच-शिफ्ट'नं सांगितलं. सी आणि डी शेजारशेजारच्या पट्ट्या, सीला खाली स्वतःची लेजर रेघ, स्टाफबाहेरची छोटी जादा रेघ. मिनिम डीच्या उजवीकडं चिकटून बसला की बरोबर दिसतं. आकडा 1.0.

तरी डी बसेना. कारण तिसरा पदर. लिलीपाँडमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या पदराच्या दांड्या वर, दुसऱ्या-चौथ्याच्या खाली. सुरावटीची दांडी वर आणि तिसऱ्या पदरातल्या डीचीही वर. आणि डोकी विलीन होतात ती दांड्या विरुद्ध असतील तरच. तिसऱ्या पदराला 'स्टेम-डाउन' दिलं, डोकी जुळली. आता खाली एक फालतू दांडी आली, सीच्या मिनिमच्या दांडीला खेटून. ती 'ट्रान्सपरंट' केली. दांडी आहे, पण दिसत नाही.

हे वाचताना कोणाला वाटेल की एका बारसाठी केवढा हा खटाटोप. खरंय. पण यातली प्रत्येक ओळ पदर कुठला, दांडी कुठली एवढंच सांगते. पान अरुंद करा, रुंद करा, काहीही सुटत नाही. मी तीन वेगवेगळ्या मापांच्या कागदांवर छापून पाहिलं.

टायची कमान तेवढी आखूड वाटत होती, कारण सीचे दोन नोट जवळजवळ आहेत. किमान लांबी वाढवून पाहिली, तर नोटांमधलं अंतर वाढून क्वेव्हरांची चाल विस्कटली. परत होती तशी केली.

बाईंची दुसरी कमान

नवी प्रिंट घेऊन गेलो तेव्हा बाईंनी आधी बार 7 वर पेन्सिल ठेवली. डाव्या हाताच्या कॉर्डमध्ये मी डी लावला होता. त्यांनी तो खोडून ई फ्लॅट केला. या एका नोटवरून आवृत्त्यांमध्ये जुना वाद आहे, काहींत डी सापडतो, काहींत ई फ्लॅट. बाईंचा पक्ष ठाम. "डीनं फार लवकर शांत होतं ते," म्हणाल्या. मी वाद घातला नाही.

मग त्यांनी बार 8 मधल्या एफ शार्पपासून बार 9 च्या जीपर्यंत खालून एक छोटी कमान काढली. एफ शार्प हा जी मायनरचा ओढ लावणारा स्वर. तो धरून ठेवलेलं बोट पुढं जीवर सुटतं, ते मुलांना दिसायला हवं. म्हणजे आता खरोखर एका पदरातून दुसऱ्यात जाणारा स्लर: चौथ्या पदराच्या डॉटेड क्रॉचेटवर सुरू, सुरावटीच्या जीवर संपणार.

नेहमीची वाट अशी की चौथा पदर बार 9 मध्ये पुढं न्यायचा, तिथं 'हाइड-नोट्स' लावून एक अदृश्य जी लिहायचा आणि स्लर त्याच्यावर संपवायचा. डोळ्याला तो खऱ्या जीवर संपल्यासारखा दिसतो. मी केलं, दिसलंही. पण अदृश्य नोट जागा अडवते, टकरी करते, आणि दोन महिन्यांनी फाइल उघडली की तो भुताचा जी कशासाठी ठेवला होता तेच आठवत नाही.

मग लक्षात आलं की एफ शार्पचं डोकं तर दोन पदरांत सामाईक आहे. सुरावटीतही एफ शार्प आहेच, त्याच जागी. सुरावटीच्या पदरात एक लांब स्लर आधीच चालू होता, पण लिलीपाँडमध्ये स्लरला क्रमांक देऊन एकाच पदरात एकाहून अधिक स्लर चालवता येतात. सुरावटीच्या एफ शार्पवर क्रमांक एकचा स्लर उघडला, खालच्या दिशेला, आणि जीवर बंद केला. भूत गेलं.

थोड्या वेळापूर्वी मी पदराच्या खरेपणाबद्दल एवढं बोललो, आणि इथं धरलेल्या बोटाचा स्लर सुरावटीच्या खात्यावर टाकला. ही तडजोड मला चालते. टाय हे वाजवण्याचं गणित आहे. तो चुकला तर मूल सी दोनदा वाजवतं. स्लर चौथ्या पदरातून निघाला की पहिल्या, हे फाइलीत बघणाऱ्याशिवाय कोणाला कळत नाही आणि हात तेच करतो.

इतर घरांत काय

सगळ्या प्रणालींत ही भिंत एवढी जाड नाही. स्टाइनबर्गचं डोरिको 2016 मध्ये आलं. तिथं टायनं बांधलेली साखळी मुळातच एक लांब स्वर मानली जाते, आणि वेगवेगळ्या पदरांतल्या एकाच पट्टीच्या दोन नोटा निवडून टाय लावता येतो. फिनाले बरीच मंडळी वापरायची. त्याचा विकास 2024 मध्ये थांबवल्याचं जाहीर झालं, आणि जुन्या फाइली दुसरीकडं न्यायची धावपळ सुरू झाली. ही ने-आण होते म्युझिकएक्सएमएल या मधल्या भाषेतून. तिथं एक बारकावा आहे जो या प्रकरणात मला फार पटला. एका टायसाठी तिथं दोन वेगळ्या खुणा असतात: 'टाय' ही नादाची, 'टाइड' ही कागदावरच्या कमानीची. ज्यानं हे ठरवलं त्याला कोणीतरी सी दोनदा वाजवून दाखवला असणार.

लबाडीनं काढलेल्या कमानी अशा स्थलांतरात उघड्या पडतात. अर्धवट टाय किंवा टायच्या जागी ठोकलेला स्लर कागदावर शोभतो, नव्या घरी गेला की सी पुन्हा वाजायला लागतो.

शेवटचा फोन

मुलगा आता सी धरतो. बाईंनी त्याला काहीही सांगितलं नाही, फक्त नवा कागद ठेवला. दुसऱ्याच खेपेला त्यानं विचारलं, "या सीला खाली शेपटी का आहे?" बाईंनी त्याच्याकडून पाच क्वेव्हर मोजून घेतले.

मग त्यांनी मला विचारलं, ऐकायची फाइल पण देशील का, मुलं घरी ऐकतील. लिलीपाँड पीडीएफबरोबर एमआयडीआयही काढतं, म्हणजे कुठला स्वर कधी दाबायचा आणि कधी सोडायचा हे निरोप असलेली फाइल. मी काढली आणि आधी स्वतः ऐकली. दुसऱ्या पदरातला सी पाच क्वेव्हर बरोबर धरलेला होता, पण सुरावटीचा सीही त्याच क्षणी, त्याच पट्टीवर सुरू होत होता आणि एका क्वेव्हरनंतर 'बोट उचल' असा निरोप पाठवत होता. माझ्या संगणकातल्या वाद्यानं तो निरोप दोघांसाठी आहे असं समजून सी तिथंच बंद केला. डीचंही तेच, एफ शार्पचंही. कागदावर तिन्ही बोटं दाबलेली, आणि कानाला एकही नाही.

सुरावटीचे ते तीन क्वेव्हर ऐकण्याच्या प्रतीतून वगळायचे, म्हणजे दोन वेगळ्या फाइली ठेवायच्या. अजून केलेलं नाही. बाईंना म्हटलं, एमआयडीआय नको, तुम्हीच वाजवून दाखवा.

"तेच म्हणत होते मी," म्हणाल्या, आणि बार 10 पासून पुढची दोन पानं मागितली.